वेगमुक्तीचा अर्ज

सिस्टरची स्कूटर ताशी पंचवीसच्या पुढे जात नसे, आणि तिचं हे वागणं सरकारमान्य होतं. घरोघर जाऊन इंजेक्शनं आणि ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिकांना आरोग्य खात्याने ज्या छोट्या स्कूटर दिल्या होत्या, त्यांच्या पोटात, शहरातल्या सगळ्याच स्कूटरींप्रमाणे, नियमाने एक लोखंडी वॉशर बसवलेला असे. कागदोपत्री त्याला ‘वेगनियंत्रक कडी’ म्हणत. गाडी पंचविसावर आली की कडी तिला समज देई, आणि गाडी ती निमूटपणे ऐकून घेई.

सिस्टरचा स्वभाव तक्रारखोर नव्हता. सायकलवरचा पोस्टमन त्यांना मागे टाकताना हात करायचा, तर त्याही हसून हात करायच्या. पण पुलापलीकडे राहणाऱ्या चित्रकलेच्या मास्तरांना नाश्त्याआधी इन्सुलिन लागे. मास्तरांची नजर अधू झालेली, आणि मास्तरीणबाईंचे हात इतके कापायचे की त्यांना सुईत दोरासुद्धा ओवता येत नसे. सिस्टर पोचेपर्यंत साडेनऊ वाजत. तोवर मास्तर झाकलेल्या ताटाकडे बघत बसत. एका सकाळी ते असेच बघता बघता खुर्चीतून खाली घसरले.

“तुम्हाला बोल नाही लावत हो,” मास्तरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, “पण थोडं लवकर येता आलं तर बघा.”

सिस्टर त्याच दिवशी गॅरेजमध्ये गेल्या.

“पाच मिनिटांचं काम,” मेकॅनिक पाना शोधत म्हणाला. “वॉशर काढला की पंचेचाळीसला आरामात पळेल.”

“पण परवानगी कोणाची घ्यायची?”

मेकॅनिकने पाना खाली ठेवला. “सिस्टर, पंधरा वर्षं मी हेच करतोय. या शहरातली एकही स्कूटर सोडली नाही. हा प्रश्न आज पहिल्यांदा ऐकला.”

पण सिस्टरनी आयुष्यात कधी सही केल्याशिवाय कापसाचा बोळाही उचलला नव्हता. त्या वाहन कार्यालयात गेल्या.

तिथल्या कारकूनबाईंनी सगळी कपाटं उघडून पाहिली. कडी बसवण्याचा अर्ज होता, काढण्याचा नव्हता. शेवटी त्यांनीच तोड काढली. बसवण्याचाच अर्ज घ्यायचा आणि ‘बसवणे’च्या आधी पेनने ‘न’ घालायचा.

“कारण काय लिहू?” कारकूनबाईंनी विचारलं.

“पेशंटला नऊच्या आत इंजेक्शन मिळायला हवं.”

“मग घरून लवकर निघा ना.”

“साडेपाचला निघते. वाटेत अकरा घरं आहेत.”

कारकूनबाईंनी खरोखर मनापासून विचार केला. “पेशंटला भूकच उशिरा लागते, असा दाखला नाही का मिळणार डॉक्टरांकडून? म्हणजे गाडीला हात लावायची गरजच नाही.”

सिस्टर नम्रपणे नाही म्हणाल्या. अर्जावर शिक्का बसला आणि तपासणीची तारीख मिळाली.

निरीक्षक साहेब देहाने भारदस्त आणि नियमाने त्याहून भारदस्त होते. पंचेचाळीसच्या वेगाला गाडी सुरक्षित आहे की नाही, हे त्यांना स्वतः चालवून बघायचं होतं. ते सिस्टरच्या स्कूटरवर बसले. गाडी बावीसवर गेली. उतारावर घेतली, तरी चोवीसच.

“साहेब, ती कडी काढल्याशिवाय कशी पळेल?”

“परवानगीशिवाय कडी काढायची?” साहेबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. “माझ्यासमोर हे बोललात, ते मी ऐकलं नाही असं समजतो.”

त्यांनी शेरा लिहिला: ‘सदर वाहन ४५च्या वेगाने धावण्यास असमर्थ आढळल्याने त्यास ४५च्या वेगाची मुभा देणे धोक्याचे ठरेल.’ मग ते आपल्या स्कूटरवर बसले. तीही तशीच छोटी, त्याच रंगाची. सिस्टरनी हेल्मेटचा पट्टा लावेपर्यंत साहेब वळणापलीकडे दिसेनासे झाले.

अर्ज फेटाळला, तरी त्याची नोंद राहिली. वर्षअखेरीच्या अहवालात शहरातल्या एकूण स्कूटरी नऊ हजार, आणि वेग वाढवण्याची इच्छा असलेली एक, असं दिसलं. वरिष्ठांना हे प्रमाण चिंताजनक वाटलं. या एका स्कूटरचं प्रबोधन व्हावं म्हणून समिती नेमली गेली. दर सोमवारी सकाळी आठला समुपदेशनासाठी सिस्टरना बोलावणं येऊ लागलं. ‘घाईचे दुष्परिणाम’ या विषयावर समितीचे अध्यक्ष सव्वा तास बोलत. सोमवारी मास्तरांचं इंजेक्शन अकरावर गेलं.

चौथ्या सोमवारी समितीने सिस्टरची गाडी पुन्हा तपासली, तुलनेसाठी शहरातल्या बाकीच्याही तपासून घेतल्या, आणि एक अडचण उभी राहिली. कडी जागेवर असलेली शहरातली ती एकमेव स्कूटर निघाली. हे बाहेर कसं सांगायचं? बरीच चर्चा झाली आणि समितीने सिस्टरना ‘आदर्श वाहनचालक’ म्हणून गौरवायचं ठरवलं.

समारंभ बुधवारी सकाळी साडेसातला होता. कारकूनबाई, निरीक्षक, अध्यक्ष, सगळे आपापल्या स्कूटरवरून वेळेआधी पाच मिनिटं हजर झाले. सिस्टर पोचल्या आठ वाजून दहा मिनिटांनी.

“गौरव जरूर करू,” अध्यक्ष माईकवरून म्हणाले, “पण वेळेचं महत्त्व यांना कोणीतरी समजावून सांगायला हवं.” टाळ्या पडल्या. सिस्टरनी फ्रेम केलेलं प्रमाणपत्र घेतलं, ते औषधांच्या पिशवीत उभं खोचलं आणि मास्तरांकडे निघाल्या.

पुलावर एकच मार्गिका चालू होती. सिस्टर पंचवीसने पुढे, आणि मागे गाड्यांची रांग थेट सिग्नलपर्यंत. कोणी दिवे मारत होतं, कोणी खिडकीतून ओरडत होतं, “ओ बाई, चालवता येत नसेल तर निदान बाजूला तरी व्हा!” बाजूला व्हायला जागा नव्हती. सिस्टरचे कान लाल झाले. अ‍ॅक्सिलरेटरची मूठ त्यांनी पूर्ण पिळलेली होती.

त्या पोचल्या तेव्हा मास्तर भिंतीला डोकं टेकून बसले होते. “अडकलात का रस्त्यात?” त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

“मी नाही,” सिस्टर त्यांच्या दंडाला कापूस लावत म्हणाल्या. “माझ्यामुळे बाकीचे अडकले होते. सगळ्यांना फार घाई होती, मास्तर. एक गाडी तर अख्खा पूल संपेपर्यंत हॉर्न दाबूनच होती.”

वाचकहो, ती बुधवारची सकाळ जरा आठवून बघा. हॉर्नवर हात ठेवून कुठे पोचायचं होतं एवढ्या घाईने तुम्हाला?