गुरुनाथ हजर आहेत

ऑकलंडमधल्या हेन्डरसन या उपनगरातल्या आपल्या घरी बसून मृणालिनी युनिव्हर्सिटीच्या मुलांना ऑनलाइन व्यावसायिक इंग्रजी शिकवायची. नवा धडा मुलांपुढे जाण्याआधी तपासायला तिने वडिलांना, गुरुनाथांना, विद्यार्थी म्हणून नोंदवून ठेवलं होतं. बाबा इमानेइतबारे गृहपाठ करत, मुलाखतीची उत्तरं घसा खाकरून रेकॉर्ड करत. फेब्रुवारीत बाबा गेले. आणि आज सिस्टिमचा निरोप आला : 'विद्यार्थी गुरुनाथ निष्क्रिय. खातं व रेकॉर्डिंग्ज आज पुसली जातील.'

"अगं, डाउनलोड कर ना," नवरा, नितीश म्हणाला.

"ती सोय मीच बंद करून घेतली होती. पोरं एकमेकांची उत्तरं ढापायची."

"मग बाबांच्या नावाने लॉगिन कर, कुठेतरी क्लिक कर. खातं सक्रिय राहील. स्वीट अ‍ॅज, काम फत्ते!"

तिने क्लिक केलं. विद्यार्थी जागा झालेला पाहून सिस्टिमने लगेच ई-मेलच्या सरावासाठी त्याची जोडी ओटाहुहू भागातल्या मेले नावाच्या मुलीशी लावली. मेलेचं पत्र आलं. उत्तर देणं भाग होतं, आणि बाबांचं पत्र जेवणाच्या चौकशीशिवाय कधी सुरूच होत नसे. मृणालिनीने लिहिलं, 'प्रिय मेले, जेवलीस का?'

"इथे मला हे कुणीच विचारलं नव्हतं," मेलेने वर्गाच्या चर्चेत टाकलं. दोन दिवसांत सगळा वर्ग एकमेकांना जेवणाचं विचारू लागला. गुरुनाथ बहुमताने गटप्रमुख झाले. शुक्रवारी त्यांनी कॅमेऱ्यासमोर बोलावं, असंही ठरलं.

"कॅमेरा बिघडलाय म्हण," नितीश म्हणाला.

"मम, दॅट्स आयडेंटिटी थेफ्ट," त्यांच्या मुलीने, ओवीने फोनमधून मान वर न काढता सांगितलं.

मृणालिनी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत असतानाच विभागप्रमुख हेलनचा फोन आला.

"किआ ओरा," तिने माओरीत नमस्कार केला. "तुझ्या वर्गाच्या नोकरीच्या सराव अर्जांत सगळ्यांनी साहेबाला 'जेवलात का' विचारलंय. हा गुरुनाथ कोण?"

"माझे वडील आहेत." ती थांबली. "होते."

मग तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

"नापासांचं आणि गैरहजरांचं काम पुसतात," हेलन म्हणाली. "पास झालेल्यांचं ठेवतात. वर्गाला खरं काय ते सांग, आणि वडिलांनी स्वतः केलेलं काम तपास."

मृणालिनीने वर्गाला खरं काय ते लिहून कळवलं आणि ती तपासायला बसली. बाबांचं प्रत्येक उत्तर शेवटपर्यंत ऐकलं, काही दोनदा. पत्रांपाशी मात्र तिच्यातली शिक्षिका जागी झाली. 'सुरुवात औपचारिक नाही,' असा शेरा मारून तिने गुण कापले आणि 'उत्तीर्ण'वर क्लिक केलं.

बाबांनी फेरतपासणीचा अर्ज नक्की केला असता. आणि त्यातही आधी विचारलं असतं, जेवलीस का?

ती उठली आणि ताट वाढून घेतलं.