सासूबाईंचं मांजर आणि जांभळा दिवा

मानवजातीवर येणारा रोग पुष्कळदा आधी एखाद्या जनावराच्या अंगावर उमटतो, आणि त्याला तिथेच ओळखून अडवणारा माणूस हा मानवजातीचा खरा पहारेकरी असतो. हे विधान धाकट्या जावयांचं. ते दर रविवारी सासूबाईंच्या दिवाणखान्यात करत आणि सासूबाई ते शेवटपर्यंत ऐकून घेत. मग म्हणत, "खरंय हो जावईबापू. पण मांजराचा कान जरा बघता का?"

धाकटे जावई जनावरांचे डॉक्टर आणि पशुरोग सर्वेक्षण केंद्राचे प्रमुख होते. भटकी कुत्री, मांजरं, कोंबड्या यांच्यात काय शिजतंय आणि त्यातलं माणसांपर्यंत काय पोचेल, यावर नजर ठेवायचं त्यांचं काम. थोरले जावई माणसांचे डॉक्टर. घरात वाटणी ठरून गेली होती. सासूबाईंचे गुडघे थोरल्यांकडे, मांजर धाकट्यांकडे. धाकट्यांनी तेही सोसलं असतं. पण सासूबाई थोरल्यांना 'डॉक्टर' म्हणत आणि त्यांना मात्र 'जावईबापू'. आपल्यासाठी त्या तोंडून एकदाही 'डॉक्टर' निघालं नाही, ही गोष्ट त्यांना सुखाने बसू देत नव्हती.

बसण्याचा प्रश्न वेगळाच होता. दिवाणखान्यात आरामखुर्ची एकच. उंच पाठीची, मखमली, डोकं टेकलं की डोळे मिटावेत अशी. सासरे गेल्यावर ती आपसूक थोरल्यांची झाली होती. म्हणून हल्ली धाकटे जेवणाच्या कितीतरी आधी येऊन ती अडवत आणि मखमलीवर मान टाकून पडून राहत. मधूनमधून मान खाजवत. विचारात असले की त्यांना तशी सवय होती, निदान त्यांचं मत तसं होतं. ते हात धुवायला उठले की थोरले पटकन त्या खुर्चीत शिरत. दोघे गेले की सासूबाई बसत.

अशात सासूबाईंच्या मानेवर एक गोल, लाल चट्टा उठला.

"उष्णता आहे," थोरले न वाकताच म्हणाले. "हे मलम लावा."

मलम लावल्यावर खाज थांबली आणि चट्टा बशीएवढा झाला. मग थोरल्यांच्या बायकोच्या, म्हणजे धाकट्यांच्या मेहुणीच्या, मानेवर एक उठला. त्यानंतरच्या रविवारी खुद्द थोरले शर्टाची कॉलर वर करून आले, तेव्हा धाकट्यांना इतका आनंद झाला, की चेहरा गंभीर ठेवायला त्यांना गाल आतून चावावा लागला.

"साडूबुवा, ही उष्णता नव्हे," ते म्हणाले. "हा नायटा. मांजराकडून आलेला."

"खाजतंय मला. मांजर मजेत आहे."

"मांजराला खाज सुटलीच पाहिजे असं नाही. ते नुसतं वाहतं. म्हणून तर आधी जनावर बघायचं असतं, मग माणूस. तुम्हा लोकांचं उलटं."

"म्हणजे माझं मांजर रोगट?" सासूबाईंनी विचारलं.

"ते पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर सिद्ध करतो."

पुढच्या रविवारी त्यांनी केंद्रातला जांभळा दिवा आणला. अंधारात हा दिवा धरला की मांजराच्या नायट्याने धरलेले केस हिरवे चमकतात. केंद्रातल्या एकूणएक कर्मचाऱ्याची ते या दिव्याखाली स्वतः तपासणी करत. शिपायालासुद्धा सोडत नसत.

पडदे ओढले, दिवे मालवले. जांभळ्या उजेडात थोरल्यांचा शर्ट आणि दात लखलखले.

"डॉक्टर चमकले बघा," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

"तो कपड्यांचा साबण आहे," धाकटे म्हणाले. "मांजर धरा कुणीतरी."

मांजराला काळोखाची हरकत नव्हती, धरण्याची होती. ते टेबलाखालून गेलं, मेहुणीच्या पायांतून गेलं, पडद्यावर चढलं आणि तिथून थोरल्यांच्या टकलावर उतरलं. त्यांनी ओरडत का होईना, पण ते घट्ट धरलं. धाकट्यांनी नाकापासून शेपटीपर्यंत एकेक केस तपासला. मांजर काळंकुट्ट होतं. हिरवा ठिपका नव्हता.

"पोटाकडून बघतो," धाकटे म्हणाले.

"दोनदा बघितलंत," थोरले म्हणाले. "जनावर तर झालं. आता माणूस बघायचा का?"

तेवढ्यात मांजराने धाकट्यांचा हात ओरबाडला, दिवा सुटला आणि गडगडत त्यांच्या बायकोच्या पायाशी गेला. तिने तो उचलला आणि मांजर कुठे गेलं ते बघायला इकडेतिकडे फिरवला.

"अहो," ती म्हणाली, "तुमच्या मानेला काय लागलंय? हिरवं दिसतंय."



"इकडे द्या," म्हणत थोरल्यांनी दिवा घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या रोग्यावर नीट वाकून बघितलं. "केंद्रात एवढ्यात मांजरं आणली होती का?"

"पिल्लं होती. भटकी."

"एखादं खांद्यावर बसायचं?"

"झोपायचं," धाकटे म्हणाले. "अगदी लहान होतं हो."

"आणि तिथे तुमची तपासणी कोण करतं?"

"सगळ्यांची मीच करतो."

"तुमची विचारतोय."

धाकट्यांचा हात नकळत मानेकडे गेला. सासूबाईंनी आधी तो हात बघितला, मग आरामखुर्ची बघितली, मग दोन्ही जावई बघितले.

"तुमच्या मलमाने चट्टा बशीएवढा झाला बरं का, भाऊजी," धाकट्यांच्या बायकोने थोरल्यांना आठवण करून दिली. नवऱ्यासाठी तिला तेवढंच करता येण्यासारखं होतं.

"डॉक्टर," सासूबाई म्हणाल्या.

"बोला," दोघेही म्हणाले.

"तुम्ही नव्हे हो, जावईबापू. डॉक्टर, आज गुडघे राहू देत. यांची मान बघा."

नंतरच्या रविवारी दोन्ही जावई मानेला नवं मलम थापून, जेवणाच्या बऱ्याच आधी, एकाच वेळी दारात पोचले. दोघांनी एकमेकांना आत जायचा आग्रह केला आणि दोघेही एकदमच घुसले. दिवाणखान्यातली जागा रिकामी होती. सासूबाईंनी आरामखुर्ची गॅलरीत उन्हात टाकली होती. तिच्यात मांजर बसलं होतं. ते मागच्या पायाने मान खाजवत होतं.