सहाशे चाळीस पानं आणि एक गुडघा

हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही! मी आजवर सांगितलेल्या गोष्टींमध्ये ही एकच अशी आहे, की जिच्यात मी पदरचं काडीइतकंही घातलेलं नाही. ऐका. एका माणसाने आरोग्याचा नवा कायदा वाचला. अख्खा! सहाशे चाळीस पानं! आणि तेही त्याबद्दल तोंड उघडण्याच्या आधी!

हसू नका. माणूस साधासुधा नव्हता, बाइंडर होता. एक्केचाळीस वर्षं त्याने पुस्तकं शिवली, ठोकली, दाबली, त्यांना कापडी पाठी लावल्या. वाचायला मात्र सवड झाली नव्हती. पण पुस्तकाबद्दल आदर असा, की जेवताना टेबलावर साधं कॅलेंडर असलं तरी हा हात पुसून बसायचा.

कायदा लागू झाला आणि शहरातल्या प्रत्येक तोंडाला काम मिळालं. न्हावी कायद्याच्या विरोधात, त्याची कात्री कायद्याच्या बाजूने, आणि मधल्या मध्ये गिऱ्हाइकाचा कान जायची वेळ! बाइंडरच्या डोक्यात तिडीक जायची. "वाचलाय का कोणी? न वाचता बडबडता कसले!"

पण त्याच्या घरात प्रश्न नुसत्या बडबडीचा नव्हता. प्रश्न बायकोच्या उजव्या गुडघ्याचा होता. अकरा महिने वाट पाहून तिला शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती, येता गुरुवार. त्या दिवशी आठ गुडघे व्हायचे होते आणि हिचा नंबर आठवा. सर्जन दमला, तर आठवा गुडघा पुढच्या महिन्यात. शिवाय नव्या कायद्याप्रमाणे संमतीपत्रावर नवरा-बायको दोघांच्या सह्या हव्या होत्या, बुधवार संध्याकाळच्या आत. नाहीतर नाव यादीच्या तळाला!

"करा सही आणि मोकळे व्हा," बायको म्हणाली.

"करू नका, दाजी!" तिचा भाऊ ओरडला. हा मेहुणा रोज चहाला यायचा आणि जेवून जायचा. "भयंकर कायदा आहे!"

"तू वाचलास?"

"वाचायचं काय त्यात? जिना चढताना आपण पायऱ्या मोजतो का? धाप लागली की कळतंच ना?"

"मी मोजते," बायको म्हणाली. "बावन्न आहेत. सही करा."

"थांब!" बाइंडरने हात वर केला. "मी आधी वाचणार. अथपासून इतिपर्यंत! मग सही."

बायकोने कपाळाला हात लावला. गुडघ्याला लावायला वाकता येत नव्हतं, म्हणून.

झेरॉक्सवाल्याने कागद वाचवायला मोठमोठ्या तावांवर एका बाजूला चार आणि मागे चार अशी पानं छापून दिली. ऐंशी ताव! कडेचे पानांचे आकडे छपाईत गळाले होते, पण बाकी सगळं लख्ख. बाइंडर ते खांद्यावर टाकून घरी आला आणि त्याने बाह्या सरसावल्या. इतका ग्रंथ सुटा वाचायचा म्हणजे अपमान!

आता त्याच्या हातांबद्दल सांगायला हवं. ते हात डोळ्यांना विचारून काम करत नसत. मोठा ताव दिसला की दोन घड्या, वरून घडी दाबायची हाडाची पट्टी, की पुढचा! छापखान्यात ही घडी ध्यानात ठेवूनच पानं मांडतात. काही सरळ, काही उलटी, म्हणजे घडी पडली की सगळी रांगेत उभी राहतात. झेरॉक्सवाल्याला हे कुठलं ठाऊक? त्याने पानं ओळीने सरळ लावली होती, दोरीवर रुमाल वाळत घालावेत तशी. बाइंडरने घड्या घातल्या आणि पहिल्या पानामागे सहावं आलं. सहाव्यासमोर आठवं, तेही डोकं खाली पाय वर! दुपारपर्यंत ऐंशी ताव शिवून, लाल कापडात बांधून, वजनाखाली दाबून तयार. आणि काय देखणं पुस्तक झालं होतं!

बाइंडर चष्मा लावून बसला. पान सरळ वाचायचं, पुस्तक गरकन फिरवायचं, उलटं पान वाचायचं, पुन्हा गरकन.

"अहो, हे स्टिअरिंग का फिरवताय?"

"कायदा आहे हा! सरळ असता तर वकील कशाला लागले असते?"

आणि मग तो थिजला. पानाच्या तळाशी लिहिलं होतं: 'ज्येष्ठ रुग्ण म्हणजे वयाची साठ वर्षे पूर्ण केलेली व सांध्यावरील शस्त्रक्रिया निश्चित झालेली कोणतीही व्यक्ती...' पुस्तक फिरवलं. समोरच्या पानावर पुढे होतं: '...वापर संपताच पिवळ्या पिशवीत बंद करून अठ्ठेचाळीस तासांच्या आत जाळून नष्ट करावी.'

"वाचा वाचा!" मेहुणा नाचायलाच लागला. "मी न वाचता सांगितलं होतं ना!"

"वापर संपताच?" बायको म्हणाली. "माझा वापर संपायला एकदा गुडघा तर चालू द्या!"

पण बाइंडर ऐकतो कसला! पुस्तक काखेत मारून तो रुग्णालयाकडे सुटला. मागे मेहुणा, आणि त्याच्या मागे एकेका पायरीला आई गं म्हणत बायको.

बुधवार होता. गुरुवारचे बाकीचे सातही गुडघे रक्त तपासायला बाकावर ओळीने बसले होते. बाइंडर स्टुलावर चढला आणि त्याने खणखणीत आवाजात ते वाक्य वाचलं, मधल्या गरकन फिरवण्यासकट.

"असं कसं असेल?" एक आजोबा कुरकुरले.

"मी कायदा वाचलाय! तुमच्यापैकी वाचलाय कोणी?"

कोणीच वाचला नव्हता. तेवढ्यात कोपऱ्यातून सफाईवाल्या मावशी आल्या. त्यांच्या हातात पिवळी पिशवी होती.

मग जे झालं ते मी वर्णन करून सांगू शकत नाही, तरी सांगतो. सहा महिने घरातल्या घरात न चाललेल्या आजी दोन पायऱ्यांची एक करत उतरल्या! आजोबांनी दोन्ही काठ्या खांद्यावर टाकल्या, कारण पळताना त्या मध्ये येत होत्या! एकजण चाकांच्या खुर्चीतून उठला आणि खुर्ची ढकलत पळाला! मेहुणा सर्वांच्या पुढे, आणि त्याला तर साठ पूर्ण व्हायला अजून एकवीस वर्षं होती!

आवाज ऐकून मुख्य सिस्टर बाहेर आल्या. त्यांनी पुस्तक उघडलं, उलटं केलं, सुलटं केलं, कपाटातली सरकारी प्रत आणून तिच्याशी ताडलं, आणि बाइंडरकडे पाहिलं.

"काका, हे बांधलं कोणी?"

"मीच!" बाइंडरची छाती फुगली. "शिलाई बघा! पन्नास वर्षं हलणार नाही!"

"नका हलू देऊ. यात सहाव्या पानानंतर आठवं आलंय. सातवं आहे तिकडे, दोन पानं पलीकडे, शीर्षासनात." सिस्टरनी सरकारी प्रत पुढे धरली. "हे बघा. सातव्या पानाच्या शेवटी: 'जखमेवरून काढलेली मलमपट्टी.' मलमपट्टी जाळायची आहे, काका! माणसं नव्हे! माझे सात पेशंट पळवलेत तुम्ही! सर्जनना आता काय सांगू?"

बाइंडरची छाती सायकलच्या ट्यूबसारखी खाली बसली. तेवढ्यात धापा टाकत त्याची बायको दारात उगवली. तिने रिकामा बाक पाहिला.

"सिस्टर, बाकीचे सात?"

"पळाले. आता महिनाभर तरी फिरकायचे नाहीत."

"मग उद्या माझा नंबर कितवा?"

सिस्टरनी यादीवर नजर टाकली. "पहिला. आणि शेवटचासुद्धा."

"अहो," बायको म्हणाली, "पेन द्या."

लाल पुस्तकावर संमतीपत्र ठेवून तिने सही केली आणि नवऱ्याच्या हातात पेन दिलं. त्याने मुकाट्याने सही ठोकली. हातांनी या वेळीही डोळ्यांना विचारलं नाही.

गुरुवारी ताज्या दमाच्या सर्जनने गुडघा असा बसवला, की काय सांगावं! शनिवारी बायको वॉर्डात उशीला टेकून बसली होती. शेजारी बाइंडर. लाज दोन दिवसांत ओसरली होती. समोरच्या खाटेवरच्या बाईंना तो सांगत होता, "चूक झाली ती घडीची, वाचनाची नाही! मत दिलं ते अख्खा कायदा वाचून. सहाशे चाळीस पानं! ओळ न् ओळ! असा नागरिक दाखवा दुसरा!"

"बाई गं!" समोरच्या बाई म्हणाल्या. "सगळं वाचलंत?"

"शेवटच्या टिंबापर्यंत!"

बायकोने वेळ घालवायला पुस्तक मांडीवर ओढलं. चार पानं उलटली. पुढचं उलटेना. तिने मधूनच उघडून पाहिलं, मग शेवटून. मग तिने पुस्तक सगळ्या वॉर्डाला दिसेल असं उंच धरलं.

"अहो, खोटं बोलायलाही काही लाज! घडीची पानं वरून जोडलेली राहतात, ती सुरीने फाडावी लागतात, एवढं तुमच्याबरोबर संसार करून मलाही कळतं. पहिल्या आठ पानांपुढे सुरी लागलेलीच नाहीये! बाकीचं काय झुरळ होऊन आत शिरून वाचलंत?"