परसातला पेशंट

"चाळीस वर्षं प्रॅक्टिस केली मी," हातातली बाटली नाचवत डॉक्टर नंदकुमार सबनीस म्हणाले, "मॉलिब्डेनम कमी पडलेला एक पेशंट दाखव मला. एक!"

पेशंट दाखवणं त्यांच्या बायकोच्या, चित्राताईंच्या, हातात नव्हतं. त्यांनी फक्त बाटली घेतली होती, आणि तीही मैत्रिणीचं मन मोडू नये म्हणून. मैत्रीण म्हणजे शीलाताई. कॅनडातल्या सरे शहरातल्या यच्चयावत रिटायर्ड मराठी माणसांच्या अंगात काय कमी आहे हे शीलाताईंना बरोब्बर ठाऊक असे, आणि जे कमी असेल ते त्यांच्याकडे साठ गोळ्यांच्या बाटलीत तयार असे.

"पण शरीराला लागतं ना ते?" चित्राताईंनी विचारलं.

"खनिज आहे, लागतं की! पण किती? सुईच्या टोकावर मावेल इतकं. आणि ते आपल्या वरणात असतं, उसळीत असतं, पोळीत असतं. तू रोज मटकी खातेस, तुला कसली गोळी?"

एवढ्यावर थांबले असते तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण डॉक्टरांना थांबायची सवय नव्हती. त्यांनी मराठी मंडळाच्या ज्येष्ठांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, 'मॉलिब्डेनमच्या गोळीचा कुणालाही काडीचा उपयोग नाही. माझा शब्द लिहून ठेवा.' सत्तावीस जणांनी हात जोडले. शीलाताईंनी पंधरा दिवस चित्राताईंचा फोन उचलला नाही.

तर ते असो. रिटायर झाल्यापासून डॉक्टरांचा जीव माणसांतून उठून भाजीपाल्यात गुंतला होता. यंदा बॅकयार्डात त्यांनी फ्लॉवरची पाच रोपं लावली होती. कुंपणापलीकडे गिलसाहेबांचा फ्लॉवर डौलात वाढत होता, आणि अलीकडे डॉक्टरांच्या रोपांची पानं दिवसेंदिवस अरुंद, लांबुडकी आणि पिळवटलेली होत चालली होती.

गिलसाहेब एकदा कुंपणावरून वाकले. "डॉक्टरसाब, ये गोभी है या प्याज?"

हा अपमान डॉक्टरांच्या फार जिव्हारी लागला. त्यांनी पानाचा फोटो काढला, फोनवर लक्षणं घातली आणि निदान वाचून मटकन खुर्चीत बसले. फ्लॉवरची पानं चाबकासारखी होण्याचं कारण म्हणजे मॉलिब्डेनमची कमतरता. चाळीस वर्षांत जो पेशंट सापडला नाही, तो त्यांच्याच परसात उभा होता, आणि एक नव्हे, चांगले पाच.

आता करायचं काय? दुकानात चौकशी केली, तर तिथे असलं काही ठेवत नव्हते. घरात मात्र फ्रिजवर बाटली होती. डॉक्टरांनी दोन दिवस तिच्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे, चित्राताई उठायच्या आत, त्यांनी पाच गोळ्या खलबत्त्यात कुटल्या, पाण्यात कालवल्या आणि चमच्या-चमच्यानं पाचही रोपांना पाजल्या. पेशंटला तडफडत ठेवणं त्यांच्या शिक्षणात बसत नव्हतं. मग हा रोजचा नेमच झाला. फक्त हे कुणाला कळून चालणार नव्हतं. लिहून ठेवा म्हटलेला शब्द सत्तावीस जणांनी लिहून ठेवला होता.

आठवड्याभरात चित्राताईंनी बाटली हलवून पाहिली. ती भलतीच हलकी लागली. खलबत्त्याच्या तळाशी पांढरी भुकटीही दिसली.

"अहो, खलबत्ता कशाला काढला होतात?"

"वेलची कुटली."

"पांढरी?"

"कॅनडातली वेलची आहे, तिचा रंग उडतो," डॉक्टर म्हणाले आणि बागेत सटकले.

चित्राताईंना काय ते उमगलं. नवरा चोरून गोळ्या खात होता. बाटली वाजू नये म्हणून कुटून खात होता! आधी त्यांना हसू आलं. मग हिशेब केला, तर रोजच्या पाच होत होत्या. त्यांनी फोनवर शोधलं तेव्हा कळलं, की हे फार पोटात गेलं तर शरीरातलं तांबं कमी होतं, यूरिक ॲसिड वाढू शकतं, सांधे धरू शकतात. तोंडावर विचारावं तर डॉक्टर मेले तरी कबूल होणार नाहीत. म्हणून त्यांनी खऱ्या गोळ्या रव्याच्या डब्यात लपवल्या आणि बाटलीत आपल्या कॅल्शियमच्या गोळ्या भरल्या. रंग तोच होता, आकारही साधारण तोच. पहाटे चष्मा न लावता कुटणाऱ्या माणसाला एवढं पुरेसं होतं.

इकडे दोन आठवड्यांत रोपांना नवी पानं फुटली. चक्क रुंद! डॉक्टर हरखले आणि त्यांनी डोस दुप्पट केला. रोज दहा गोळ्या जात असूनही बाटली संपत नाही याचं कुणालाही नवल वाटलं असतं. डॉक्टरांना वाटलं, शीलानं दुसरी गळ्यात मारली असेल. चित्राताई मात्र रोज रात्री बाटली भरताना रडकुंडीला येत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही. त्यांनी फक्त शीलाताईंना सांगितलं.

फक्त शीलाताईंना! त्यापेक्षा बाई पेपरात जाहिरात देत्या, तर निदान ती काही लोकांच्या वाचायची राहून गेली असती. दुपारपर्यंत ग्रुपवर मेसेज आला, 'डॉक्टरसाहेब स्वतः रोज मॉलिब्डेनम घेतात. तेसुद्धा कुटून!'

फोन खणखणू लागले. "डॉक्टर, कुटून घेतलं की जास्त लागू पडतं का?" "जेवणाआधी की नंतर?"

"मी घेत नाही हो!"

"मग गोळ्या जातात कुठे?"

या प्रश्नापाशी डॉक्टर हवापाण्याचं बोलू लागत, आणि पलीकडचा माणूस समजून उमजून हसे. शीलाताईंनी तर महिन्याच्या सभेत कार्यक्रमच ठेवला. विषय होता, 'मॉलिब्डेनम आणि मी'. वक्ते, डॉक्टर सबनीस.

काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून न्यायची, असं ठरवूनच डॉक्टर सभेला गेले. दारातच कर्णिक भेटले. शरदचंद्र कर्णिक, वय अठ्ठ्याहत्तर. एका पायात बूट, दुसऱ्यात बायकोची सपात.

"शरदराव, पायाला काय झालं?"

"अंगठा सुजलाय. पण काळजी नको. तुमच्यासारखंच सुरू केलंय, रोज दहा. कुटून!"

डॉक्टर पांढरेफटक पडले. कर्णिकांना यूरिक ॲसिडचा त्रास जुनाच होता. अंगठा गोळ्यांनीच सुजला असं छातीठोक सांगता आलं नसतं, पण नाही असंही सांगता आलं नसतं. एकीकडे स्वतःचा शब्द होता, दुसरीकडे कर्णिकांचा अंगठा. डॉक्टरांना फार वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली. ते तरातरा पुढे गेले आणि माईक धरला.

"मंडळी, कुणीही या गोळ्या घेऊ नका. शरदराव, आजपासून बंद, उद्या क्लिनिकमध्ये जाऊन रक्त तपासून घ्या. मी एकही गोळी खाल्लेली नाही. मी त्या... मी त्या फ्लॉवरला घातल्या."

मागच्या रांगेतले लोक पुढे वाकले.

"कुठल्या फ्लॉवरला?" शीलाताईंनी विचारलं.

"भाजीच्या."

"आणि गुण आला?"

डॉक्टर माणूस सच्चा होता. "आला," ते मान खाली घालून म्हणाले.

"बघा!" शीलाताई उठूनच उभ्या राहिल्या. "काडीचा उपयोग नाही म्हणत होते! लिहून ठेवा म्हणाले होते!"

टाळ्या पडल्या. हशा पिकला. चाळीस वर्षांची अब्रू एका भाजीपायी गेलेली पाहून डॉक्टरांना जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. तेवढ्यात मागून चित्राताईंचा आवाज आला.

"अहो, पण बाटलीत मॉलिब्डेनम नव्हतंच! मी पहिल्याच आठवड्यात काढून घेतलं. त्यानंतर तुम्ही घातलंत ते सगळं माझं कॅल्शियम."

"मग फ्लॉवर सुधारला कसा?"

याचं उत्तर नीरजाबाईंनी दिलं. त्या भारतात असताना कृषी महाविद्यालयात मातीचा विषय शिकवत. "सोपं आहे, डॉक्टर. मॉलिब्डेनम मातीत असतंच. इथल्या पावसानं माती आंबट होते, आणि मग ते झाडाला घेता येत नाही. पहिल्या आठवड्यात तुम्ही घातलेलंही तसंच अडकून बसलं. तुमच्या गोळ्या म्हणजे चुन्याचाच भाऊ. आंबटपणा उतरला, झाडानं आपलं आपण घेतलं."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर हळूहळू सूर्य उगवला. त्यांनी माईक पुन्हा ओढला.

"म्हणजे मी म्हणत होतो तेच! त्या गोळीची गरज कुणालाच नव्हती. ना तुम्हाला, ना फ्लॉवरला! माझा शब्द खरा ठरला की नाही?"

"ठरला, ठरला," कर्णिक कौतुकानं म्हणाले. "पण डॉक्टर, एक शंका आहे. माझंही पोट हल्ली फार आंबट असतं. कॅल्शियम किती घेऊ?"

"अहो शरदराव..."

"दहा तरी घ्या," मागून कुणीतरी म्हणालं. "फ्लॉवरला दहानं गुण आला."

शीलाताईंनी पर्समधून वही काढली. "चांगलं कॅल्शियम मिळतं माझ्याकडे. कुणाकुणाला हवंय, हात वर करा."

डॉक्टर माईकमध्ये ओरडत राहिले, पण माईकचा आवाज कुणीतरी बंद केला होता. भराभर हात वर झाले. सगळ्यांत आधी वर गेला तो चित्राताईंचा. त्यांची अख्खी बाटली फ्लॉवरनं संपवली होती.