बारशाच्या आड आलेला ओटा

सुभद्रेचे पत्र येऊन आठ महिने झाले होते आणि रघुवीरपंतांनी अजून उत्तर धाडले नव्हते. धाकट्या बहिणीने रेवदंड्याहून लिहिले होते, ‘दादा, तुला भेटावेसे फार वाटते. पण गुडघे वाकत नाहीत, खाली बसवत नाही. बसायला काही उंच असेल तर कळव, बोटीने येते.’

पंतांच्या गिरगावातल्या खोलीत एक खुर्ची होती. पण तिच्यावर पुस्तके बसली होती. खिडकीत, फळीवर, जमिनीवरही पुस्तकेच. खुर्चीवरची उठवून ठेवायची कुठे? आणि सख्ख्या बहिणीला ‘जागा नाही’ असे लिहायचे तरी कोणत्या तोंडाने? उत्तर राहूनच गेले.

शेवटी एका इंग्रजी पुस्तकात उपाय सापडला. चुना न घालता, नुसता दगडावर दगड रचून बागेत बैठक बांधायची! वाडीमागे विहिरीजवळ बकुळीखाली पडक्या कुंपणाचे दगड होतेच. पंतांनी धोतर खोचले.

“काय पंत, कुंपणाला गडगा घालताय?” शेजारच्या काशीबाईंनी विचारले.

“बसायला ओटा.”

“चुन्याशिवाय? बसाल नि आडवे व्हाल!”

पंतांच्या मनातही तेच होते. पण ओटा उभा राहिला. फक्त पुढच्या बाजूला एक फट राहिली. तिच्यात बसेल असा लांबट, गुळगुळीत दगड विहिरीच्या काठावर उन्हात पडलेला दिसला. जणू देवानेच धाडलेला! पंतांनी तो ठोकून बसवला. ओटा हलेना. सुभद्रेला आजच लिहायचे, असे ठरवून ते हात धुऊ लागले.

तेवढ्यात काशीबाईंच्या घरात गलका उठला. नातवाचे बारसे होते, बायका जमल्या होत्या आणि वरवंटा सापडत नव्हता. कुंची घालून, गोप्या म्हणून आधी त्याला पाळण्यात निजवायचे, मग बाळाला. त्याच्याशिवाय नाव ठेवणार कसे?

“अगं आई, इकडं ये!” काशीबाईंची लेक कालिंदी बकुळीखालून ओरडली. “आपला गोप्या पंतांच्या ओट्यात!”

पंत ओल्या हातांनीच ओट्याकडे वळले. सत्तर वर्षे त्यांनी चटणी खाल्ली होती, पण वरवंट्याचे तोंड कधी नीट पाहिले नव्हते.

“शेजारणीचा मागितला तर?” ते पुटपुटले.

“शेजारणीचा?” मागोमाग आलेल्या काशीबाई कडाडल्या. “ह्या घरातली सगळी पोरं ह्याच गोप्यामागून पाळण्यात गेलीत! धुऊन वाळत काय ठेवला, तुम्ही भिंतीत चिणलात?”

पंतांनी ओट्याकडे पाहिले. डोळ्यांपुढे रेवदंड्याची बोट आली आणि रिकामीच परत गेली. “काढा,” ते म्हणाले.

कालिंदीने वरवंटा ओढला. ओटा क्षणभर विचारात पडला आणि मग गडगडत खाली बसला.

“आता आमच्या विहीणबाईंना कुठं बसवू?” काशीबाई म्हणाल्या. “त्यांचेही गुडघे धरलेत. मी त्यांना ओट्यावरच बसवणार होते! पंत, तुमची खुर्ची द्या.”

“पण तिच्यावर...”

कालिंदी खोलीत शिरलीसुद्धा. “पुस्तकं कुठं ठेवू हो?” ज्या प्रश्नाला आठ महिन्यांत उत्तर मिळाले नव्हते, त्यासाठी ती कशाला थांबते! भसाभस सारी जमिनीवर आली आणि खुर्ची गेली.

संध्याकाळी खुर्ची परतली, तिच्यावर घुगऱ्यांची वाटी. पंत पुस्तकांच्या ढिगाऱ्याकडे बघत राहिले. मग हळूच खाली बसले. जाडजूड ग्रंथ तळाला, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, फटींत पातळ पुस्तके. भिंतीला लागून ढीग छातीएवढा चढला. हाताने दाबून पाहिला. हलेना!

पंतांनी लगेच कार्ड घेतले. ‘सुभे, खुर्ची रिकामी आहे. ये.’ उशिराबद्दल चार शब्द लिहावेत की काय, असा घोळ मनात सुरू झाला, तोच दारात काशीबाई उभ्या.

“पंत, आमचं पंचांग द्या बघू. बारशाची वेळ बघायला दिलं होतं ना?”

पंतांनी ढिगाकडे पाहिले. पंचांग सगळ्यांत खालच्या फटीत, घट्ट बसले होते; ते ओढले की ओट्याचीच गत!

“देतो, देतो,” पंत चपला घालत म्हणाले. “पण काशीबाई, मी येईपर्यंत ढिगाला हात लावू नका!”

आणि आयुष्यात प्रथमच ते भरभर चालत कोपऱ्यावर गेले आणि कार्ड पेटीत टाकून आले.