मैत्रबनचा टेम्पो

गेल्या जूनपासून आमची मैत्रबन सोसायटी लार्गोमध्ये आहे. साताऱ्यातल्या लय कार्यालयाने प्रत्येक सोसायटीला जुन्या व्हायोलिन कॉन्चेर्तोंचा, म्हणजे पाश्चात्य वाद्यरचनांचा, एकेक भाग वाटून दिला. आम्हाला मधला, अतिसंथ भाग, म्हणजे लार्गो, आला. सूर ई मायनर, म्हणजे उदास. मनःस्थिती गंभीर. शेजारच्या सोसायटीला जलद भाग, आलेग्रो, मिळाला. तिथली माणसं जिना उतरतात तेव्हा बघणाऱ्याचा पाय आपोआप ताल धरतो.

आमचा भाग नशिबाने आला नाही, टिपणीसकाकांनी आणला. ते सचिव. कार्यालयाच्या फॉर्मवर चार रकाने होते. ‘टेम्पो’पुढे काकांनी लिहिलं, ‘आवारात अगदी सावकाश आणावा.’ ‘की’पुढे, ‘ई विंगची. मायनर दुरुस्ती हवी.’ ‘मूड’पुढे ‘गंभीर’, कारण सरकारी कागदावर थट्टा नको. ‘सोलो’पुढे, ‘अविवाहितांना जागा देत नाही.’

तेव्हापासून लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून खाली यायला पस्तीस मिनिटं घेते. दूध उतू जायला निघतं आणि ते थांबवायला आई निघते. दोघं एकाच वेळी पोचतात. ई मायनरमुळे निकालाचे पेढे वाटतानाही लोक ‘व्हायचं ते झालं’ म्हणतात.

डिसेंबरात पुण्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत माझी मुलाखत होती. मी सकाळी सहाला घरातून निघाले आणि फाटकाशी पोचले तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. प्रयोगशाळेने दुसरी आणि शेवटची तारीख दिली. फेब्रुवारीतला शुक्रवार, सकाळी दहा.

मी सभा बोलवायला लावली. ती रविवारी सुरू झाली. चहा सोमवारी आला.

“काका, तो फॉर्म दुरुस्त करून द्या,” मी म्हटलं.

“अगं, टेम्पो म्हटल्यावर माणूस टेम्पोच समजणार ना? तीन चाकांचा.”

“गती विचारली होती, काका!”

“मग त्यांनी गती लिहायचं. आणि शर्वरी, एवढी घाई कशाला? आम्ही काय धावत जाऊन नोकऱ्या मिळवल्या?”

“तुमच्या वेळी तुम्ही लार्गोत नव्हता!”

यावर काकांनी कपाळाला आठी घातली. ती पडायलाच अकरा मिनिटं लागली.

मग तळमजल्यावरच्या नाडगौडाकाकू बोलल्या. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. “बाळ, भाजीला निघाले की सगळी माणसं बोलता बोलता पुढे निघून जायची. जूनपासून मला कुणी मागे टाकलं नाही गं.”

मी आणखी चिडले.

“ठरावात बसत नाही,” सगळे एका सुरात म्हणाले. त्या सभेत हे वाक्य चौथ्यांदा आलं. ते दर वेळी परत येतं. रचनाच तशी आहे.

दुसऱ्या दिवशी मी लय कार्यालयात गेले. तिथल्या घोरपडेबाईंनी फाइल काढली.

“भाग बदलून मिळत नाही. हा संपला की पुढचा जलद भाग आपोआप लागतो.”

“कधी संपेल?”

“पुनरावृत्तीची खूण आहे,” त्या म्हणाल्या आणि चष्मा वर सरकवला. “हे काय? तुमच्याकडे एकल वादकाची, म्हणजे सोलोची, नोंदच नाही.”

“आमच्यात अविवाहितांना जागा देत नाहीत.”

“तुमचं लग्न झालंय?”

“नाही.”

“मग राहता कशा?”

“आईवडिलांकडे.”

“म्हणजे आहात,” असं म्हणून त्यांनी शिक्का मारला. “एकल वादकाला मोकळीक असते. बाकीचे संथ असले तरी तुम्ही धावायचं. तेवढा वेळ ते आपापला सूर धरून ठेवतील. मात्र परत येऊन त्यांना मिळायचं.”

“नाही मिळाले तर?”

“धरून बसतील.”

“किती वेळ?”

“नियमात मुदत दिलेली नाही.”

शुक्रवारी सहाला मी दार उघडलं आणि तीन मजले एका दमात उतरले. आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्या चपलांचा आवाज मला ऐकू आला. जिन्याखालच्या सूचनाफलकाशी उभ्या टिपणीसकाकांनी माझ्याकडे पाहून तोंड उघडलं, “सा—”. नाडगौडाकाकूंनी पहिल्या पायरीवर ठेवण्यासाठी पाय उचलला होता. मी दोघांना ओलांडून फाटकाबाहेर पडले.

पावणेदहाला मी प्रयोगशाळेत होते. प्रमुख डॉ. पारनाईक यांनी काळ्या मातीबद्दल सहा प्रश्न विचारले. सहाही उत्तरं मी त्यांची वाक्यं पुरी व्हायच्या आत दिली.

“निवड झाली समजा,” ते म्हणाले. “वसतिगृहात खोली रिकामी आहे. आजपासूनच राहा. सामान मागवून घ्या, परत जायची गरजच नाही.”

इतक्या झटपट माझ्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. खिडकीतून खोली दिसत होती. तिला स्वतंत्र जिना होता. मी त्या जिन्याकडे बघत राहिले, आणि मला त्याची पहिली पायरी दिसली.

“नाही सर,” मी दात आवळून म्हटलं. “रोज जाऊन येऊन करीन.”

“साताऱ्याहून? रोज? का?”

“एका काकांचा शब्द अर्धा राहिलाय. आणि एका काकूंचा पाय वर आहे.”

डॉ. पारनाईकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. “मायनर का?” त्यांनी विचारलं.

“ई.”

“अरेरे,” ते म्हणाले. “सोमवारी या.”

साडेपाचला मी फाटकातून आत शिरले. काकूंचा पाय अजून हवेत होता आणि थरथरत होता. मी त्यांचा दंड धरला. पाय पायरीवर टेकला. त्यांनी सोडलेला श्वास बराच मोठा होता.

“—वकाश जा गं,” टिपणीसकाका म्हणाले.

“आले, काका.”

त्यांनी माझ्याकडे मान वळवायला सुरुवात केली.