काठीचं तिकीट

तातू परब ट्राममध्ये चढला की दोन तिकिटं मागायचा. एक स्वतःचं, एक काठीचं.

कंडक्टर म्हणायचा, "अरे बाबा, काठीला तिकीट नसतं."

"मग तिला कोणाचा धक्का लागला तर मी भांडू कशाच्या जोरावर? तिकीट असलं की हक्क येतो."

ही काठी म्हणजे गळाची. आमच्या कोकणात गळाला गरी म्हणतात आणि गरी टाकून बसणं म्हणजे गरवणं. तातू दर रविवारी लालबागहून दादरच्या चौपाटीला गरवायला जायचा. मासे किती आणायचा ते विचारू नका. बोटाएवढे दोन-चार आणायचा आणि माझ्यापुढं असे ठेवायचा जसं काय सोनं ठेवतोय. "वयनी, सगळ्यांना पुरवा हां." सगळे म्हणजे खानावळीतले सगळे गडी. मी त्याचं कालवण करायची. कालवणाला वास यायचा, मासा कोणाच्या वाटीत गेला ते देवाला ठाऊक.

खानावळ माझी. मी काय शिकलेली नाही, सहीपुरतं येतं. नवरा गिरणीत होता, छातीच्या दुखण्यानं गेला. रडत बसले असते, पण चूल कोण पेटवणार? मग चूल पेटवली, आणि धूर डोळ्यांत गेला तेव्हा काय ते रडून घेतलं. तातू माझ्याकडं जेवायला. गिरणीत मागावर कामाला. बायको गावाला, शेत राखायला. वर्षातून एकदा गणपतीला जायचा तेवढंच. झोपायला आमच्या चाळीची गॅलरी. अंगाखाली चटई नसली तरी चालायचं, पण काठीच्या खाली घोंगडी पाहिजे.

त्याचं एकच म्हणणं. "माणूस मोडलं तर हाडवैद आहे. शेंडा मोडला तर कोण आहे?"

काठीचा शेंडा उदबत्तीसारखा बारीक असतो. सगळी मजा त्यात. मासा तोंड लावतो ते आधी शेंड्याला कळतं, मग हाताला. म्हणून गाडीत काठी कशी न्यायची याचं तातूनं शास्त्रच केलं होतं. बूड पुढं, शेंडा मागं. का? तर ब्रेक लागला की सगळं पुढं जातं. "मार बुडाला बसू दे. बुडाला मार खायची सवय असते," असं म्हणायचा आणि शेजारी बसलेल्याच्या बुडाकडं बघायचा. भांडण व्हायचं ते अशानं.

आणि गळाला बूच. औषधाच्या बाटलीचं बूच तो गळाच्या टोकावर बसवायचा. सगळ्या चाळीतून बुचं गोळा करायचा. कोणी आजारी पडलं की पहिला हा दारात. "ताप उतरला का? नाय? मग बाटली कधी संपेल?"

हे बुचाचं खूळ कशानं आलं ते सांगते. एकदा ट्राममध्ये त्याचा गळ मोकळा राहिला. शेजारी गिरगावचे एक साहेब बसले होते, कोट, टोपी, हातात पिशवी. त्यांचा स्टॉप आला तसे उतरले, आणि गळ त्यांच्या कोटाच्या शेपटाला. दुसरा कोणी असता तर हाक मारून सोडवला असता, नाही तर दोरी तोडली असती. तातू कसला दोरी तोडतोय! तो काठी घेऊन मागोमाग उतरला आणि हिसका बसू नये म्हणून दोरी सोडत चालला. साहेब पुढं, तातू मागं, मधे ताणलेली दोरी. साहेबांना वाटलं, वेडा मागं लागला. ते पळायला लागले. तातू ओरडला, "पळू नका साहेब! ओढू नका! मी ढील देतो!"

शेवटी साहेब एका दुकानात शिरले आणि तातूनं त्यांना अलगद सोडवलं. वर त्यांनाच म्हणाला, "तुम्ही लय जोर केलात. शेंडा गेला असता." साहेबांचा कोट फाटला होता. त्याबद्दल एक शब्द नाही.

तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. आमच्या लालबाग-परळात रोज काहीतरी चालू. मोर्चा, सभा, हरताळ. पोलीस आले की बायका वरून पाणी ओतायच्या, मी भाताची पेज ओतलीय एकदा, गरम. तातू प्रत्येक मोर्चात. आवाज खणखणीत. पण पोरं झेंडा लावायला काठी मागायला आली की हा दारात आडवा.

"तातूभाऊ, मुंबईसाठी काठी देत नाय तुम्ही?"

"मुंबईसाठी मी येतो ना पुढं! डोकं फुटलं तर माझं फुटू दे. शेंड्याला हात लावायचा नाय."

आणि खरंच, एकदा डोकं फोडून आला. मी हळद भरली. हाय केलं नाही त्यानं. विचारलं, "काठी आत घेतली ना पावसात?"

त्या वर्षी त्याचा बापूस गावाहून आला. मोतीबिंदू काढायला. आम्ही सगळे आजोबा म्हणायचो. येताना बोटीतून आपली स्वतःची काठी घेऊन आला होता, जुनी, हात लागून लागून काळी झालेली. म्हणाला, "डोळे बरे झाले काय मुंबयचो समुद्र बघतंय."

डोळे बरे झाले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, फार उशिरा आणलंत. दोन्ही गेले. डोक्याला पट्टी बांधून म्हातारा भिंतीकडं तोंड करून पडला आणि जेवण सोडलं. मी पेज केली, शिरा केला, ताटात माशाचं डोकं ठेवलं. हात लावीना.

"बघूक काय रवला नाय," म्हणायचा, "आता खावन काय करू?"

तातू गिरणीतून आला की बापाच्या उशाशी बसायचा. बोलायचा नाही. एरवी तोंड बंद नसणारा माणूस. एकदा मला म्हणाला, "वयनी, परवाची बोट आहे. असा गेला तर गावाला पोचून चार दिवस पण काढणार नाय. एकदा काठी हातात देऊन बघतो. गरवायला डोळे लागत नाय, हात लागतो."

मी म्हटलं, "ने की मग उद्या."

उद्या रविवार. आणि नेमका हरताळ. ट्राम बंद, बस बंद, टॅक्सी औषधाला नाही. वर नाक्यानाक्यावर पोलीस, कोणाकडं काठी दिसली की काढून घेत होते. म्हाताऱ्याला तर चार पावलं चालवत नव्हतं, पोटात काही नसल्यावर कसं चालवणार?

खानावळीतला शंकर बर्फाची गाडी चालवायचा, मासळीबाजारात बर्फ पोचवणारी, मागं दारं असलेली बंद गाडी. बर्फाला हरताळ कळत नाही, तो विरघळतोच, म्हणून त्या गाडीला कोणी अडवत नसे. शंकर तयार झाला. आता प्रश्न शेंड्याचा. गाडीत बर्फाच्या लाद्या, खड्ड्यात गेली की लादी सरकणार, बापाच्या काठीवर पडली की संपलं.

सकाळी तातू गॅलरीत ठोकाठोक करत होता. मी बघते तर त्यानं दोन जाड बांबू घेतलेले, त्यांना आडव्या कामट्या बांधलेल्या सुतळीनं, मधोमध बापाची काठी ठेवलेली आणि वरून पांढरं धोतर गुंडाळलेलं. बांबूंनी मार खायचा, मधली काठी झोपून राहायची.

मी म्हटलं, "तातू, हे काय दिसतंय ते कळतंय का तुला?"

तो दोन पावलं मागं सरकून बघायला लागला. खूश होऊन म्हणाला, "शेंडा सेफ दिसतोय."

मी डबा बांधायला घेतला. आधीच उशीर झाला होता.

आजोबांना उचलून आत गोणपाटावर आडवं केलं. गारठा नको म्हणून तातूनं अंगावर चादर घातली, पार गळ्यापर्यंत. शेजारी ते बांबूचं. पलीकडं बर्फ. मी डबा घेऊन बर्फाजवळ बसले, तातू बांबू धरून.

परळच्या नाक्यावर शिट्टी झाली. शंकरनं गाडी थांबवली. मागचं दार उघडलं, तर पोलीस. घाटावरचा असावा, मोठ्या मिशा. त्यानं आत बघितलं. बर्फाच्या वाफेत चादर घातलेला म्हातारा, डोक्याला पट्टी. शेजारी बांबू, कामट्या, पांढरं धोतर. कोपऱ्यात कुंकू नसलेली बाई डोक्यावर पदर घेऊन. त्यानं टोपी काढली.

"कोन व्हतं?" हळूच विचारलं.

"बापूस माझा," तातू म्हणाला. त्याचं सगळं लक्ष सुतळीच्या गाठीकडं.

"कुटं न्हेताय?"

"दादरच्या चौपाटीला."

तिथं स्मशान आहे. पोलीस मान हलवायला लागला. "आजच्या दिसात लई वंगाळ. उद्या न्हेलं आसतं."

"उद्या बोट आहे. आजच पोचवायला पाहिजे."

बोटीचं काही त्याला कळलं नसावं. पण म्हणाला, "खरं हाय. ठेवून चालत न्हाई. पर ह्ये उचलायला मान्सं कुटं हायती?" आणि बांबूकडं बोट केलं.

तातूला राग आला. "माणसं कशाला? मी एकटा नेतो. दर रविवारी नेतो."

"दर रविवारी?" पोलिसानं माझ्याकडं बघितलं. मी पदर तोंडात धरला होता. त्याला वाटलं मी रडतेय.

तेवढ्यात चादर हलली. आजोबा कोपरावर टेकून उठले, पट्टी बांधलेलं डोकं इकडं तिकडं फिरवलं आणि विचारलं, "कोण मेलो रे?"

पोलीस दोन हात मागं उडाला. टोपी खाली पडली. शंकर पुढून "काय झालं, काय झालं" करतोय. तातू त्याला ओरडला, "गाडी हलवू नको, गाठ सुटेल!" मग मीच खाली उतरून पोलिसाला सगळं सांगितलं. डोळ्यांचं, जेवण सोडलंय त्याचं, उद्याच्या बोटीचं. त्यानं धोतर जरा बाजूला करून काठी बघितली. हातात घेतली नाही. मग टोपी उचलून झटकली.

"म्हातारबा," म्हणाला, "शंबर वर्सं जगा. फकस्त परत येताना दुसऱ्या रस्त्यानं जावा."

चौपाटीला माणूस नव्हतं. खडकापाशी आजोबांना बसवलं. तातूनं एकेक गाठ सोडली, बाळाची लंगोटी सोडतात तशी, आणि काठी बापाच्या हातात दिली. म्हाताऱ्यानं बुडापासून शेंड्यापर्यंत बोटं फिरवली. शेंडा दाबला, सोडला. तातूनं दोरी पाण्यात टाकून दिली आणि मागं येऊन माझ्याजवळ बसला.

खूप वेळ बसलो. मासा कसला येतोय! म्हाताऱ्याची मान खाली खाली जायला लागली. काठी मांडीवर कलली. तातू तिकडंच बघत होता. मग उठला, पायजमा वर घेतला आणि बाजूनं पाण्यात शिरला. गुडघा, मग मांडी. वाकून त्यानं पाण्यातली दोरी धरली आणि ओढली.

आजोबा ताठ झाले. मूठ आवळली. पुन्हा ओढ. पुन्हा. म्हातारा हळूहळू काठी मागं घ्यायला लागला, गालात हसू. तातू ओढायचा, थांबायचा, ओढायचा.

मग आजोबांचा हात थांबला. दोरी ताणलेलीच, पण ते ऐकल्यासारखे बसून राहिले.

"गो," मला म्हणाले, "मासो असो एका ठेक्यात ओढीत नाय."

मी पाण्यातल्या तातूकडं बघितलं.

"ह्यो मासो लालबागचो दिसता. मागावर कामाक आसा."

आणि एक हिसका दिला असा की पाण्यात तातू फतकल मारून बसला. म्हातारा हसला. आवाज नव्हता त्या हसण्याला, नुसते खांदे हलले. काठी मांडीवर आडवी घेतली, वाळूनं भरलेला हात धोतराला पुसला आणि पुढं केला.

"जेवक काय हाडलंस?"

मी डबा उघडला. तांदळाची भाकरी होती आणि सुकटीची चटणी. त्यांनी घास मोडला, चावला, गिळला. दुसरा मोडला. मी तिकडं बघायचं टाळत होते, माणूस उपाशी असला की त्याच्या घासाकडं बघू नये.

तातूला हाक मारली, "ये रे, तूही खा दोन घास."

तो समुद्राकडं तोंड करून उभा होता, पाठमोरा, गळ्यापर्यंत ओला.

"येतो वयनी," म्हणाला, "पाय वाळू देत जरा." आणि पाण्यातच उभा राहिला.